अध्यक्षीणबाईंच्या हातातली लड

वऱ्हाडातल्या स्त्रीमुक्तीचा एक थोर क्षण माझ्या डोळ्यांदेखत घडला, असं मी आजही गांभीर्यानं मानते. मी तिथं हजर होते याचं कारण मात्र इतकंच, की माझ्या दोन्ही हातांत खाकी लोकरीची लड अडकवलेली होती आणि ती संपेपर्यंत मला उठता येत नव्हतं.

लड म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या काळी लोकर तयार गुंड्यांत मिळत नसे. ती लांबट वेटोळ्यांत यायची. विणायला बसण्याआधी एकीनं ते वेटोळं दोन्ही हातांत ताणून धरायचं आणि समोर बसून दुसरीनं त्याचा गुंडा करायचा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. धरणारीचे हात छातीसमोर, पोलिसानं पकडल्यासारखे. तिला पदर सावरता येत नाही, नाक खाजवता येत नाही, आणि समोरची जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागतं. अमरावतीत अंबागेटच्या आतल्या गल्लीत जे लोकरीचं दुकान होतं, तिथल्या सगळ्या मैत्र्या या वीस मिनिटांत झालेल्या आहेत.

दुकान म्हणजे एका घराची ओसरी. मालकीणबाईंना सगळे काकी म्हणत. त्या तिवशाकडच्या शेतकरी घरातल्या. नवऱ्यानं अमरावतीत कापडाचं दुकान काढलं होतं. तो वारला, कापड खपलं आणि लोकर उरली. ती कपाटात पडून होती, तेवढ्यात महायुद्ध आलं आणि सरकारला मोज्यांची निकड भासली. गावोगाव सैनिकांसाठी विणणाऱ्या महिला समित्या निघाल्या. काकी मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सकडून विणायला शिकल्या आणि महिन्याभरात त्यांच्या ओसरीवर वकिलांच्या, मास्तरांच्या, भिक्षुकांच्या घरच्या बायका बसू लागल्या. एरवी यातल्या अर्ध्या जणी काकींच्या हातचं पाणी प्यायल्या नसत्या. लोकरीला विटाळ नसतो, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं.

मी तेव्हा अठरा वर्षांची. मॅट्रिक झालेली आणि लग्न न ठरलेली, म्हणजे वकिलाच्या घरात जिला कुठं ठेवावं ते कळत नाही अशी वस्तू. वडिलांनी मला समितीत घातलं. तिथं माझ्यासमोर पहिल्या दिवशी लड धरायला कोण बसावं, तर आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. इंग्रजी चौथीत त्यांनी मला दोनदा बाकावर उभं केलं होतं. आता त्यांचे हात अडकले होते आणि माझे मोकळे. पाचएक मिनिटांनी त्या म्हणाल्या, "तुला भागाकार अजून येत नाही ना?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मलाही पहिल्यांदा आला नव्हता. कोणाला सांगू नकोस." तिथून आमची मैत्री.

बाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या. सासरी वाढल्या, दिरानं ट्रेनिंग कॉलेजात घातलं हे खरं, आणि त्याचा उल्लेख तो प्रत्येक पत्रात करी हेही खरं. आता त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि शाळेच्या आवारातल्या एका खोलीत राहत होत्या.

दर महिन्याला एका रविवारी बडनेऱ्याहून एक तारबाबू दुकानात येत. रेल्वेच्या तारऑफिसात नोकरी, तिशी ओलांडलेली, लग्न नाही. त्यांची आई अकोल्याला. आई विणायची आणि रंग जुळवण्यासाठी लोकरीचा वीतभर तुकडा मुलाकडे पाठवायची. पहिल्याच खेपेला काकींनी त्यांच्या हातांत लड अडकवली. पुरुष म्हणून सूट नव्हती. जो लड नेईल त्यानं ती धरायची, हा दुकानाचा नियम. बाई समोर बसल्या. तारबाबू बोलले नाहीत. दिवसभर दुसऱ्यांचे निरोप मोजून पाठवणाऱ्या माणसाला स्वतःचे शब्द जपून वापरायची सवय लागत असावी. पण तिसऱ्या रविवारी वीस मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला, आणि चौथ्या रविवारी काकी आतून म्हणाल्या, "लई गाठी पडून राहिल्या बापा या लडीत. माल खराब आला वाट्टे."

बाईंचे कान लाल झाले. तारबाबू म्हणाले, "माल चांगला आहे." एवढं लांब वाक्य ते त्या ओसरीवर पहिल्यांदाच बोलले होते.

पुढच्या वर्षाच्या थंडीत त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी हो म्हटलं, पण एक अट घातली. त्यांच्या आईनं स्वतःच्या तोंडानं ये म्हटलं पाहिजे.

"आईला नंतर सांगू," तारबाबू म्हणाले. "झाल्यावर ती काही म्हणणार नाही."

"काही म्हणणार नाहीत तेच नको आहे मला," बाई म्हणाल्या. "एका घरात मी मेहेरबानीवर राहून आले. दुसऱ्या घरात तशी जाणार नाही."

आता या आईविषयी. त्या अकोल्याच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. आमच्या घरी त्यांना अध्यक्षीणबाई म्हणत, कारण त्या कशाच्या तरी अध्यक्ष नसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. खादीचं लुगडं नेसून खाकी मोजे विणायच्या आणि थंडीला राजकारण नसतं, असं त्यावर स्पष्टीकरण द्यायच्या. विधवाविवाहावर त्यांचं एक भाषण होतं. ते मी दोनदा ऐकलं होतं. 'आपल्या या भगिनी' इथं आवाज कापायचा आणि 'कुठवर, कुठवर' इथं उजवा हात वर जायचा. अशा आईचा मुलगा घरात हा विषय काढायला का घाबरतो, हे मी बाईंना एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "भाषण त्यानंही ऐकलंय. आणि भाषण संपल्यावर घरी काय बोलतात तेही ऐकलंय."

गोष्ट रेंगाळत राहिली असती. पण एका शुक्रवारी बाई हातात पत्र घेऊन दुकानात आल्या. धामणगावच्या दिराचं पत्र. त्याची बायको दोन महिन्यांपूर्वी गेली होती, घरात चार लहान मुलं होती. सोमवारी दुपारी बाराला येऊन तो वहिनीला घेऊन जाणार होता. तसं त्यानं शाळेच्या चिटणीसांनाही कळवलं होतं. चिटणीस कागदाला फार मानणारे. पालकाचा अर्ज आला म्हणताच त्यांनी त्यावर 'सोमवारपासून कार्यमुक्त' असा शेरा मारला होता आणि खोली रिकामी करण्याबद्दल दुसरा कागद काढला होता.

"पालक कोन?" काकींनी विचारलं.

"दीर."

"तुमाले पाळून राहिला का थो?"

"कागदावर," बाई म्हणाल्या.

हिशेब सरळ होता. सोमवारी बारापर्यंत अध्यक्षीणबाईंचं हो आलं तर लग्न. नाही तर धामणगाव. योग असा, की रविवारी संध्याकाळी अमरावतीत समितीचा मोठा समारंभ होता. डेप्युटी कमिशनरच्या मडमेला मोजे अर्पण करायचे होते आणि अध्यक्षस्थानी अकोल्याहून कोण येणार हे सांगायला नको. बडनेऱ्याला गाडी बदलताना मुलगा आईला भेटेल आणि सगळं सांगेल, असं ठरलं. आम्ही कोणी तोंड उघडायचं नाही, असं बाईंनी माझ्याकडून आणि काकींकडून कबूल करून घेतलं.

रविवारी सकाळी अमरावतीच्या गाडीच्या गार्डानं एक चिठ्ठी दुकानात आणून दिली. 'सांगणे झाले नाही. क्षमस्व.' नंतर कळलं, की फलाटावर त्यांना आठ मिनिटं मिळाली होती. आठ मिनिटांत त्यांनी आईला सोडा पाजला आणि पिशवी उचलून गाडीत ठेवली.

बाईंनी चिठ्ठीची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि मोजे मोजायला घेतले. चेहऱ्यावर काही नाही. गणित चुकलेल्या मुलीकडे त्या बघायच्या तसं त्या मोज्यांकडे बघत होत्या.

दुपारी दोनला अध्यक्षीणबाई दुकानात आल्या. समारंभाआधी माल डोळ्यांखालून घालावा, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी गठ्ठ्यातला पहिला मोजा उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे काय आहे?"

"मोजा हाय," काकी म्हणाल्या.

"अंगठा वेगळा का आहे?"

खरंच होता. काकींच्या देखरेखीखाली विणलेल्या प्रत्येक मोज्याला अंगठ्यासाठी वेगळं घर होतं. आमच्यापैकी एकीनंही जन्मात मोजा घातला नव्हता. नर्सनं काकींना टाच शिकवली आणि तिची बदली झाली. पुढचा पाय काकींनी स्वतःच्या बुद्धीनं बसवला होता, आणि आम्हां सगळ्यांना तो बरोबर वाटला होता.

"अंगठा येगळा नसन तर चप्पल कशी घालन थो शिपाई?" काकी म्हणाल्या.

"शिपाई बूट घालतात, बाई."

काकींनी मोजा परत घेतला. "दिवसभर?"

पाचला समारंभ. अध्यक्षीणबाईंनी हुकूम सोडला. मधल्या खोलीत तिघी अंगठे उसवायला बसल्या. पुढचा भाग नव्यानं विणायचा म्हणजे लोकर हवी. दोन लडी सोडायच्या होत्या आणि हात पुरत नव्हते. एक लड माझ्या हातांत आली, समोर काकी. दुसरी काकींनी उचलली, क्षणभर इकडंतिकडं बघितलं आणि सरळ अध्यक्षीणबाईंच्या हातांत अडकवली. "धरा बरं बाई. असे. जरासे ताना." समोर बाई बसल्या. जागाच तेवढी उरली होती.

पहिली काही मिनिटं फक्त लोकरीची सळसळ. अध्यक्षीणबाई बाईंच्या बोटांकडे बघत होत्या, कपाळाकडे नाही.

"हात चांगला आहे तुमचा. गुंडा सैल ठेवता. माझी सून आली की तिला पहिलं हे शिकवणार आहे. यजमान काय करतात?"

"नाहीत. मी आठ वर्षांची असताना गेले."

अध्यक्षीणबाईंचा चेहरा भाषणाचा झाला. मला तो ओळखीचा होता. "आपल्या या भगिनी," त्या म्हणाल्या, आणि आवाज जिथं कापायचा तिथं कापला. 'कुठवर, कुठवर'ला हात मात्र वर गेला नाही, लडीत होता. "बाळ, तू अशी राहता कामा नये. पुन्हा संसार मांडला पाहिजेस. समाज काय म्हणेल ते आम्ही बघू. कोणी योग्य माणूस असेल तर मला सांग, मी स्वतः उभी राहीन."

बाई गुंडाळत राहिल्या. मी काकींकडे बघितलं. काकी माझ्याकडे बघत नव्हत्या.

"हाय म्हनतात एक मानूस," काकी म्हणाल्या.

"काकी," बाई म्हणाल्या.

"चांगला हाय. नोकरीवाला. बोलत नाई जास्त. बडनेऱ्यात तारबाबू हाय."

अध्यक्षीणबाईंचे हात दोन बोटं खाली आले. लड सैल पडली, धागा त्यांच्या मनगटावर लोंबला. मधल्या खोलीतल्या तिघींचं उसवणं थांबलं.

"बडनेऱ्याला तारबाबू पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या.

"अकोल्यातून लोकरीचा तुकडा एकालेच येते," काकी म्हणाल्या.

अध्यक्षीणबाईंनी उठायला गुडघा हलवला. तसं उठता येत नाही. धागा बाईंच्या बोटाला काचला.

"किती दिवस?"

"वर्ष झालं," बाई म्हणाल्या.

"आणि मला आज, इथं, असं?" त्यांनी अडकलेल्या हातांकडे बघितलं. "तो एकुलता आहे. त्याच्यासाठी मी काही ठरवलं होतं. हे वेगळं आहे. ते मी समाजासाठी बोलते."

"काहून वं? तुमचं घर समाजात नाई येत काय?"

"काकी, पुरे," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. मी नकळत ताठ बसले. त्यांनी गुंडा खाली ठेवला, पुढे वाकल्या आणि अध्यक्षीणबाईंच्या एका हातातून, मग दुसऱ्या हातातून लड अलगद काढली. एकही फेरा विस्कटू न देता. "मी हे असं मागणार नव्हते. काकींनी मला दिलेला शब्द मोडला. तुम्ही मोकळ्या आहात. मोजे आम्ही बघतो."

अध्यक्षीणबाई उठल्या, मनगटं चोळली आणि चपला घालून गेल्या. बाईंनी अर्धी लड खुंटीला लावली. काकी म्हणाल्या, "मले मारा दोन." बाई म्हणाल्या, "उद्या. आज विणायचं आहे."

समारंभापर्यंत निम्मे मोजेच दुरुस्त झाले. मडमेनं नेमका जुन्यातला उचलला, अंगठ्यात स्वतःचं बोट घातलं आणि हे काय म्हणून विचारलं. अध्यक्षीणबाईंनी न अडखळता सांगितलं, की ही वऱ्हाडची परंपरा आहे. मडम खूश झाली. मग भाषण. मंडपात पाठीमागे बाई आणि मी शेजारी बसलो होतो. 'आपल्या या भगिनी'पर्यंत सगळं नेहमीसारखं आलं. तिथं त्या थांबल्या. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि खाली बसल्या. माझ्या वडिलांना ही वक्तृत्वातली नवी तऱ्हा वाटली आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की दुसऱ्या दिवशीही तिथं खूण होती.

अध्यक्षीणबाई आमच्याकडे उतरल्या होत्या. जेवणात त्यांनी कढी घेतली आणि भात परत केला. सकाळी चहा झाल्यावर मला म्हणाल्या, "ते दुकान किती वाजता उघडतं?"

मी त्यांना घेऊन गेले. आठ वाजले होते. बाईंची ट्रंक आणि वळकटी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती, कारण खोली सकाळीच ताब्यात घेतली गेली होती. बाई ट्रंकेवर बसल्या होत्या. काकी आम्हांला बघून उठल्या आणि त्यांनी सतरंजी झटकून अंथरली.

अध्यक्षीणबाईंनी खुंटीवरची लड काढली, सतरंजीवर बसल्या, तिच्यात हात घातले आणि समोर धरले.

"अर्धी राहिली होती," त्या म्हणाल्या.

बाई ट्रंकेवरून उठल्या. मग येऊन समोर बसल्या. दहा मिनिटं धागा एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जात राहिला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. अध्यक्षीणबाईंचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. भाषण पाठ असलेल्या माणसाला साधं वाक्य जमवायला किती वेळ लागतो, हे मी तेव्हा पाहिलं. लडीचे शेवटचे चार-पाच फेरे उरले होते.

"मला आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. मला वाईट वाटलं आहे आणि ते अजून काही दिवस वाटणार आहे. त्यानं मला सोडा पाजला आणि सांगितलं नाही, त्याचं जास्त. पण तुम्ही काल माझे हात सोडवलेत. मी तुमच्या जागी असते तर सोडवले नसते." त्या थांबल्या. "घरी या. माझ्या तोंडानं सांगते आहे. या."

शेवटचा फेरा सुटला. बाईंनी गुंडा मांडीत धरला आणि मान खाली घातली. काकी आत गेल्या आणि भांड्यांचा नको तेवढा आवाज करत राहिल्या.

बाराला शाळेवरून पत्ता विचारत टांगा आला. दीर वाळलेला, दाढी वाढलेला माणूस होता. मी मनात काढलेल्या चित्राशी त्याचं काही जुळेना. त्यानं वहिनीसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून एक लुगडं आणलं होतं, तपकिरी, बिनकाठाचं. अध्यक्षीणबाईंनी त्याला कालचं राहिलेलं भाषण पूर्ण ऐकवलं. 'कुठवर, कुठवर'सकट. त्याला कोणी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून त्यानं ते उभ्यानं ऐकलं.

ते संपल्यावर तो बाईंकडे वळला. "म्हणजे येत नाही तुम्ही."

"नाही, भाऊजी."

"मग पोरांना जेवायला कोण घालेल?"

याचं उत्तर भाषणात नव्हतं. बाईंचा चेहरा त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मोडला. काकी पुढे झाल्या. "आमच्या तिवशाची एक बाई हाय. एकटी. सैपाक चांगला करते. परवा लावून देतो तिले. पन पगार द्या लागन बापा, वैनी नाई ते."

दिरानं मान डोलावली. जाताना लुगडं ट्रंकेवर ठेवलं. "आणलंच आहे," तो म्हणाला.

लग्न नोंदणीनं झालं, चौदा दिवसांच्या नोटिशीनंतर. ते चौदा दिवस बाई काकींकडे राहिल्या. साक्षीदार म्हणून माझे वडील, काकींचे भाऊ आणि बडनेऱ्याचे स्टेशनमास्तर. अध्यक्षीणबाई निबंधकाच्या कचेरीत पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि तारबाबू सही करताना घामेजले होते. वऱ्हाडात एक नवं पर्व सुरू होत आहे, असं माझे वडील कचेरीच्या व्हरांड्यात उभं राहून बोलत होते. आत रजिस्टरात नवरीच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना होता. बाईंनी सहा वर्षं शिकवलं होतं, पण गेल्या पंधरवड्यापासून त्या कार्यमुक्त होत्या. कारकुनानं चिटणीसांचा कागद बघितला आणि तिथं 'निरंक' असं लिहिलं.